परदेशगमनाचा फ्लेक्स

मी एक जुना फ्लेक्स आहे.

मित्रांनो, राजे गेले, राजवाडे गेले, पण त्यांचे शिलालेख उरले. काळाच्या छातीवर जे कोरलं जातं ते पुसलं जात नाही, आणि आजच्या काळाचा शिलालेख म्हणजे मी. सध्या मी धानोऱ्यात बायनाबाईंच्या बकऱ्यांच्या गोठ्यावर अंथरलेला आहे आणि माझ्यावरच्या प्रमुख अतिथींच्या कपाळावर रोज एक कोंबडी येऊन बसते. बसून ती काय करते ते तुम्ही शाळेत जाणारी मुलं आहात म्हणून सांगत नाही.

माझं वय अजून दोन वर्षांचंही नाही. पण फ्लेक्सच्या हिशेबात दोन वर्षं टिकणं म्हणजे मार्कंड्याचं पुरातन देऊळच झालं.

माझा जन्म गडचिरोलीला, चंचलच्या छपाईच्या दुकानात झाला. बांबूच्या टोपलीला निदान सांगायला जंगल असतं, सुती सदऱ्याला शेत असतं. मी प्लास्टिकचा. गुंडाळीतून निघालो, यंत्राखालून सरकलो आणि शाईच्या उग्र वासासकट जगात आलो. दहा फूट रुंद, आठ फूट उंच. चंचलने माझ्याकडे एकदा बघितलं आणि पुढच्या वाढदिवसाचं काम हातात घेतलं. माझं बारसं एवढंच.

ज्याच्यासाठी मी जन्मलो त्याचं नाव कुलदीप. बायनाबाईंचा एकुलता एक मुलगा, खाणीचा इंजिनिअर. चंद्रपूरकडच्या एका खासगी कोळसा खाणीत तो नोकरीला होता. तिथून त्याला ओमान देशातल्या तांब्याच्या खाणीत मोठ्या पगाराची नोकरी लागली. त्याची बायको रिना धानोऱ्याच्या सरकारी दवाखान्यात नर्स. लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि त्यातला बहुतेक काळ त्याने चंद्रपुरात आणि तिने धानोऱ्यात काढला होता. दोघांचं ठरलं होतं ते असं: कुलदीपने आधी जायचं, सहा-आठ महिने बचत करायची, त्या पैशांतून रिनाने तिकडची नर्सिंगची परीक्षा द्यायची, तिकीट काढायचं आणि एकदाचं एका घरात राहायचं. इतकी साधी गोष्ट. यात फ्लेक्सची गरज कुठे होती?

गरज गोपालभाऊंना होती. गोपालभाऊ हे वस्तीतल्या युवा मंचाचे अध्यक्ष. वय सत्तेचाळीस. वस्तीतून पहिल्यांदाच कोणी परदेशात नोकरीला चाललंय म्हटल्यावर त्यांना राहवेना. त्यांनी त्याच दिवशी चंचलला फोन केला.

आता माझं रूप ऐका. वरच्या बाजूला प्रमुख अतिथी साहेबांचं मुंडकं, सुपाएवढं. साहेब म्हणजे कोण ते विचारू नका, प्रत्येक तालुक्यात एक असतात. त्यांच्याखाली युवा मंचाचे अकरा चेहरे, प्रत्येकाच्या कानाला मोबाइल. मधे 'सातासमुद्रापार गरुडझेप'. ओमानला एकच समुद्र लागतो, पण अक्षरं आधीच्या एका कामातून उचलली होती. खाली विमान. नीट बघितलं तर त्याच्या पंखांखाली क्षेपणास्त्रं आहेत. आणि एका कोपऱ्यात सत्कारमूर्ती कुलदीप. त्याचा फोटो लग्नातला होता. चंचलने शेजारची रिना कापून टाकली, पण तिचा हात कुलदीपच्या खांद्यावर राहून गेला. मेंदी लावलेला, बांगड्या भरलेला, कोणाचाच नसलेला हात. चौकात शेकडो लोकांनी मला बघितलं. एकानेही विचारलं नाही की हा हात कोणाचा.

सत्काराचा कार्यक्रम वीस सप्टेंबरला होता आणि कुलदीपचं विमान चोवीसला. मला चौकात बांधलं आणि दुसऱ्याच दिवशी निरोप आला की वीस तारखेला साहेबांना जमत नाही. माझ्या तारखेवर पांढरी चिकटपट्टी लागली, तिच्यावर सव्वीस. मग सव्वीसलाही साहेबांना जमेना. तेव्हा जोराचं वारं होतं म्हणून मला उतरवून बायनाबाईंच्या सपरीत, म्हणजे पुढच्या ओसरीत, भिंतीला टेकवून ठेवलं होतं. त्यामुळे पुढचं सगळं मी कानांनी ऐकलं.

"गोपालभाऊ," रिना म्हणाली, "यायले अठ्ठावीस तारखेच्या आत निघाच लागते. अर्धं वर्ष इथी काढून झालं ना, का मंग तिकडचा सारा पगार इथल्या टॅक्समंदी येते. यायच्या खाणीतल्या एका सायबाचं तसंच झालं."

कायदा खरोखर तसाच आहे, मित्रांनो. सरकारचं वर्ष एप्रिलला सुरू होतं. त्यातलं अर्धं संपायच्या आत नोकरीसाठी देश सोडला तर परदेशातला पगार परदेशातला. अर्धं उलटलं की तुम्ही त्या वर्षापुरते इथलेच, मग कमाई ओमानात करा नाहीतर चंद्रावर.

"वहिनी, ओमानात टॅक्सच नसते म्हन्तेत," गोपालभाऊ म्हणाले. "मंग कायचा टॅक्स?"

"तिकडं नसते म्हणून तं इथी पुरा लागते."

"काऊन टेन्शन घेऊन राह्यल्या? साहेब आहेत ना आपले."

"साहेब इन्कम टॅक्समंदी हायेत का?"

"नाई. पन ओळख हाये."

बायनाबाई दारात तांदूळ निवडत होत्या. मूल गावापासून मुलचेऱ्यापर्यंतच्या सगळ्या नातेवाइकांना त्यांनी आवतण धाडलं होतं. "चार दिवसानं काय होते वं?" त्या म्हणाल्या. "माह्या घरच्या मानसाचा फोटो कधी चौकात लागला होता का? याचा बाप दुसऱ्याच्या सत्काराच्या खुर्च्या उचलता उचलता मेला."

सगळे कुलदीपकडे बघायला लागले. हा माणूस जमिनीखाली सुरुंग कुठे लावायचा ते ठरवायचा. त्याने माझ्याकडे बघितलं, मग रिनाकडे बघितलं आणि म्हणाला, "आता फ्लेक्स छापून झाला ना, रिना."

मला शिसारी आली. अहो, मी प्लास्टिक आहे. माझ्यासाठी चहासुद्धा कोणी थांबवू नये.

कुलदीपने कंपनीला मेल केला की सार्वजनिक कार्यक्रमामुळे हजर व्हायला उशीर होईल. कंपनीने अत्यंत सभ्य भाषेत उत्तर दिलं. या, अवश्य या, फक्त तुमच्यासाठी राखलेलं कुटुंबाचं घर आता दुसऱ्या इंजिनिअरला दिलं आहे, तेव्हा तुमचा करार 'बॅचलर स्टेटस'वर राहील. तिकडच्या नोकरीत हे एक प्रकरण असतं. त्या करारावरच्या माणसाला खोली मिळते, जेवण मिळतं, बायको आणायची परवानगी मिळत नाही. अशा रीतीने लग्नाच्या चौथ्या वर्षी कुलदीप अविवाहित झाला.

"बायकोचा पुरावा म्हून हा फ्लेक्स धाडू का त्याईले?" रिना म्हणाली. "माहा हात हाये त्याच्यात." ती हसली, पण घरात बाकी कोणी हसलं नाही.

कार्यक्रम शेवटी पाच ऑक्टोबरला झाला. माझ्या तारखेवर तोवर तीन चिकटपट्ट्या चढल्या होत्या. साहेब आले नाहीत. गोपालभाऊंनी मोबाइल माइकला लावला आणि साहेब गाडीतून बोलले. कुलदीप जर्मनीला जाऊन जिल्ह्याचं नाव काढणार याचा त्यांना अभिमान वाटत होता. टाळ्या पडल्या. युवा मंचाचे कार्यकर्ते सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटून तोंडात टाकत होते आणि माझ्या मागे येऊन थुंकत होते. समोरून मी अभिनंदन होतो, मागून मी पिकदाणी होतो. मित्रांनो, माझं सगळं चरित्र खरं म्हणजे या एका वाक्यात संपलं असतं.

दोन दिवसांनी कुलदीप गेला. मी दिवाळीपर्यंत चौकात लटकत राहिलो. मग एक दोरी तुटली आणि माझा निम्मा भाग नालीत गेला. बायनाबाईंनी मला उचलून आणलं, धुतलं, घडी घालून ठेवलं. मला बरं वाटलं. मग मोहाचा हंगाम आला आणि त्यांनी मला अंगणात पसरून माझ्यावर मोहफुलं वाळत घातली. गोड, आंबूस, चिकट. अकरा चेहऱ्यांवर माश्या घोंघावत होत्या. पावसाळ्याच्या तोंडी मी गोठ्यावर चढलो तो अजून तिथेच आहे.

जुलैत सत्यशीलाताई आल्या. त्या गडचिरोलीला लोकांचे कराचे कागद भरून देतात. सपरीत बसून त्यांनी हिशेब मांडला. ओमानातला कुलदीप फोनवर होता आणि फोनचा आवाज मोठा ठेवला होता. पाऊस माझ्यावर पडत होता तरी मला शब्द न् शब्द ऐकू आला.

"कुलदीप, तू गेल्या वर्षापुरता इथलाच रहिवासी धरल्या जातोस," ताई म्हणाल्या. "इथला पगार आणि तिकडचा पगार, दोन्ही एकत्र."

"पन ताई, इथी ओमानात तर टॅक्सच नाही."

"तिकडं भरला असता तर इथी वजा केला असता. भरलाच नाही तर मी वजा काय करू?"

बायनाबाईंनी पदराला हात पुसले. "त्याईले लिव्हून दे ना बाई, का सायबाची तारीख भेटत नोती म्हून पोरगा थांबला. मुद्दाम थोडी थांबला?"

"तसा रकाना नाही हो त्याच्यात, आई."

तेवढ्यात गोपालभाऊ आले. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं, पण फोनचा आवाज रस्त्यापर्यंत जात होता. त्यांनी ऐकून घेतलं, गंभीर झाले आणि म्हणाले, "साहेबाच्या लेटरहेडवर देऊ का एक पत्र?"

"काय लिहाल पत्रात?" सत्यशीलाताईंनी विचारलं.

"का कुलदीप होतकरू हाये."

ताईंनी चष्मा काढला आणि पुसला. त्यांनी किती आकडा सांगितला ते मी सांगत बसत नाही. रिनाच्या परीक्षेसाठी, तिकिटासाठी आणि तिकडच्या भाड्याच्या खोलीसाठी जे बाजूला ठेवलं होतं ते सगळं त्यात गेलं, एवढं कळलं तरी पुरे.

"भरून टाक," कुलदीप फोनवरून म्हणाला.

"आन माही परीक्षा?"

"पुढच्या वर्षी पाहू ना, रिना."

रिनाने छत्री घेतली आणि ड्यूटीवर गेली. गोपालभाऊ चहा पिऊन गेले.

मित्रांनो, आत्मवृत्ताच्या शेवटी वस्तूने मुलांना काही चांगलं सांगावं अशी पद्धत आहे. मी म्हणायला हवं की मला जपा, माझी घडी नीट घाला, मला कोपऱ्यात फेकू नका. मी तसं म्हणणार नाही. मला जपू नका. माझ्यात जपण्यासारखं काही नाही. मी कुजत नाही, जळलो तर घाण धूर होतो आणि बकऱ्यासुद्धा मला एकदाच चावून बघतात. जपायचं असेल तर जाणाऱ्या माणसाला जपा. त्याची गाडी कधी आहे ते आधी विचारा. त्याचा हात धरायचा तर पोहोचवायला धरा, फोटो काढायला धरू नका. आणि तुमच्या गावात कोणाचं काही चांगलं झालं तर त्याच्या घरी जा, पाणी प्या, 'छान झालं' म्हणा आणि उठून या. छापायला टाकू नका.

रिनाने पुढच्या वर्षाची वाट बघितली नाही. रात्रपाळ्या करून, स्वतःच्या पगारातून तिने परीक्षेचे पैसे भरले. पास झाली. नवऱ्याच्या करारावर जाता येत नव्हतं, म्हणून तिने स्वतःच अर्ज केला आणि ओमानातल्याच एका दवाखान्यात तिला नोकरी मिळाली. या जूनमध्ये ती सकाळच्या पहिल्या एसटीने गेली. बायनाबाईंशिवाय कोणाला माहीत नव्हतं. गोपालभाऊंना फार लागलं.

"सांगाचं तं होतं, काकू," ते अंगणात उभे राहून म्हणाले. "आमी का परके हावो?"

"तुमाले सांगतलं असतं तं पोरगी आज इथीच असती," बायनाबाई म्हणाल्या आणि बकरीला पाला टाकायला वळल्या.

परवा शेजारीण सुकरी आली होती. "चला, बरं झालं," ती म्हणाली. "आता दोघं एका जागी आले म्हना."

"एका देशात आले," बायनाबाई म्हणाल्या.

कुलदीपची खाण सोहारजवळ आहे आणि रिनाचा दवाखाना सलालाला. मधे बाराशे किलोमीटर आहेत.