पोटात बातमी घेऊन

मी छत्री बोलतेय. काळी, आठ काड्यांची, वेताच्या मुठीची. छत्री म्हटलं की तुम्हाला पाऊस आठवत असेल. मला मात्र विकत घेतलं तेच एका नाटकासाठी.

तंजावरकडच्या मराठी घरांत लग्नाच्या सकाळी नवरदेव काशीला निघतो. संसार नको, संन्यास घेतो, म्हणतो. हातात काठी, काखेत पोथी, डोक्यावर नवी कोरी छत्री. वीस पावलं चालतो. मग सासरा आडवा येतो, "कशाला काशी? माझी मुलगी घ्या!" नवरदेव लगेच मागं फिरतो. आजवर एकही काशीला पोचलेला नाही. मोठी माणसं किती सराईतपणे खोटं बोलतात, ते मला तेव्हाच कळायला हवं होतं.

मला आणलं वेंकटरावांनी. तिरुवैयारूच्या शाळेत ते इतिहास शिकवायचे. अंगावर खादी, गाठीला बेचाळीसचा तुरुंग, तोंडाला विसावा नाही. त्यांची एक गोष्ट सगळ्या गल्लीला पाठ होती. अठ्ठेचाळीस साली गांधीजी गेले त्या संध्याकाळी ते शेजारच्या लग्नमांडवात शिरले आणि सनईसारखं वाजणारं नागस्वर बंद पाडलं. "देशाला सुतक, आणि तुम्ही वाजवताय? लाज नाही?" वधूपिता रडला. मुहूर्त मोडला. त्या मुलीचं पुढं काय झालं, ते गोष्टीत कधी नसायचं.

चौसष्ट सालच्या मे महिन्यात वेंकटरावांच्या स्वतःच्या दारात मांडव पडला. मुलगी चंद्रमती, मुलगा पापनाशमचा, त्यागराज. मुहूर्त अठ्ठावीस तारखेचा. सत्तावीसला दुपारी वराकडची मंडळी बसमधून उतरली. गल्लीत एकच रेडिओ, आणि तो रेडिओवाला आमच्या मांडवाला केळीचे खांब बांधत होता.

मी आतल्या खोलीत तबकावर पडून होते, काठी आणि पोथीच्या शेजारी. ऊन कललं तेव्हा सायकल आपटल्याचा आवाज झाला. सुब्रह्मण्य आत आला. वेंकटरावांचा जुना विद्यार्थी, तंजावरच्या छापखान्यात खिळे जुळवायचा. शर्ट अंगाला चिकटलेला, हातात एक छापील कागद.

"सार, नेहरू गेले. दुपारी. हे मीच जुळवलं, शाई अजून ओली आहे. तंजावरला दुकानं पटापट बंद झाली, बसगाड्या बंद." कागदाच्या माथ्यावर त्यानं पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'वेंकटराव सारांना, सायंकाळी पाच.'

वेंकटरावांनी वाचलं. डोळे पुसून पुन्हा वाचलं, तेवढं मी कबूल करते.

"नागस्वरवाल्यांना सांगू का सार, थांबा म्हणून?" अठ्ठेचाळीस साली त्यांच्या मागून मांडवात घुसलेल्या मुलांत हा होता. आज्ञेची वाट बघत तो दारात उभा राहिला.

बाहेरून वेंकटरावांची बहीण अलमेलुआत्या ओरडली, "वेंकटा! मिरवणूक खोळंबली रे! सासरा तू आहेस की नवरी?"

"कोणाकोणाला सांगितलंस?" वेंकटरावांनी विचारलं.

"कोणालाच नाही. आधी तुम्हाला."

"चंद्रमतीला सव्विसावं लागलंय, सुब्रह्मण्या. हा मुहूर्त गेला तर पापनाशमवाले परत यायचे नाहीत."

"पण सार, तेव्हा तुम्हीच—"

"दमलायस. परसात हातपाय धू. रात्री इथंच राहा. तुझं पान मी वाढायला सांगतो."

एवढं बोलून त्यांनी कागदाची सुरळी केली, माझ्या घडीत खुपसली आणि माझं बटण लावलं. बाहेर नागस्वर सुरू झालं. ज्यानं दुसऱ्याचं बंद पाडलं होतं, त्यानंच बाहेर जाऊन हात वर केला, "जोरात वाजवा की हो!"

सकाळी त्यागराज काशीला निघाला. आठ वाजता डोकं फुटेल असं ऊन. त्यानं बटणाला हात घातला तशी वेंकटरावांनी माझ्यावर झडप घातली.

"उघडू नका!"

"का मामा? डोकं तापलं तर खरंच संन्यास घेईन हं."

लोक हसले. अलमेलुआत्या म्हणाली, "मिटल्या छत्रीनं कोण काशीला जातं रे? अशुभ की."

"आमच्यात असंच," वेंकटराव म्हणाले.

"तुमच्यात म्हणजे कोणात? मी तुझी बहीण ना?"

पण तोवर त्यांनी त्यागराजाचा हात धरून त्याला काशीहून परत फिरवलंसुद्धा होतं. मी मिटलेलीच. एक काडी तडकवली असती, बटण तोडलं असतं, काहीही करता आलं असतं. मी काही केलं नाही. मंगळसूत्र बांधलं गेलं.

पंगत बसली आणि पोस्टमन बातमी घेऊन आला. मांडव हादरला. सगळ्यांत मोठ्यानं रडले वेंकटराव. कपाळ बडवून म्हणाले, "अरे, आदल्या दिवशी कळलं असतं तर मुहूर्त मोडला असता मी!" समोर सुब्रह्मण्य जेवत होता. त्यानं सारांकडं पाहिलं, मग पायसाकडं, आणि पायस तसंच ठेवून पान दुमडलं.

त्यागराजाची नोकरी तंजावरची; कागद पोटात तसाच घेऊन मी चंद्रमतीबरोबर तिकडं आले. पहिला पाऊस आला ऐप्पसीत, दिवाळीच्या तोंडावर. अंगणात तिनं मला उघडलं आणि कागद तिच्या पायाशी पडला. तिनं छापलेलं वाचलं, मग पेन्सिलीतलं. गळ्यातल्या मंगळसूत्राला हात लावून ती तशीच भिजत उभी राहिली. मग कागद चुलीच्या उबेला वाळवला आणि मला परत दिला. फाडावा तर अप्पा सुटतात, दाखवावा तर अप्पा मरतात. असं पाच वर्षं चाललं.

या पाच वर्षांत मी एक पाहिलं. त्या दिवशी कोण कुठं होतं, हे विचारलं की आमच्या मांडवातला प्रत्येक जण साधू होतो. अलमेलुआत्या म्हणते, सकाळी दूध नासलं तेव्हाच तिला कळलं. त्यागराज म्हणतो, त्याच्या घशाखाली घास उतरला नाही. उतरला होता, जिलबी दोनदा मागितली होती. वेंकटरावांच्या गोष्टीत तर दरवर्षी भर. आता त्यात नागस्वर आपोआप थांबतं आणि ते एकटेच कावेरीच्या वाळूत जाऊन बसतात.

एकोणसत्तरच्या सत्तावीस मेला तंजावरच्या वाचनालयात नेहरूंच्या पुण्यतिथीची सभा होती. वक्ते वेंकटराव. लेकीकडं जेवले, निघताना म्हणाले, "चंद्रा, ऊन फार आहे. छत्री दे."

तिनं मला आणलं. उंबऱ्यावर त्यांनी मला उघडलं. कागद त्यांच्या खांद्यावर पडला, तिथून पायावर. वाकून उचलला आणि ते वाकलेलेच राहिले.

"केव्हापासून आहे हे तुझ्याकडं?"

"पहिल्या पावसापासून, अप्पा."

"तुझ्यासाठीच केलं गं मी."

"शेजारच्या मांडवातही कोणाची तरी मुलगी होती, अप्पा." तिनं त्यांच्या हातून कागद घेतला, सुरळी केली, माझ्या घडीत घातली, बटण लावलं. "न्या. ऊन आहे."

भर उन्हात ते मला मिटलेलीच घेऊन चालत गेले.

सभेला गर्दी होती. पहिल्या रांगेत सुब्रह्मण्य, बोटांना शाई. वेंकटराव उभे राहिले. "त्या दिवशी मी..." म्हणाले. माझी मूठ त्यांच्या घामानं ओली झाली. "त्या दिवशी मी..." पुन्हा म्हणाले, सुब्रह्मण्यकडं पाहिलं, आणि खाली बसले.

तेवढ्यावर राहिलं. लोकांना वाटलं, सारांना दुःख आवरलं नाही. बायकांनी पदर डोळ्यांना लावला. अध्यक्ष म्हणाले, "याला म्हणतात देशभक्ती." टाळ्या वाजल्या. सुब्रह्मण्यनं टाळी वाजवली नाही. वेंकटरावांनी मान वर केली नाही, आणि टाळ्या थांबवल्याही नाहीत.

जाताना ते मला विसरले. विसरले कसले! मूठ खुर्चीला नीट अडकवून गेले.

तेव्हापासून मी वाचनालयाच्या कपाटामागं आहे. एक काडी गंजली, कापडाला कसर लागली. न्यायला कोणी आलं नाही. त्यांच्याबद्दल एवढं तोंड सुटलंय माझं, पण त्या सकाळी मीही बटण लावूनच होते. त्याची लाज मला या गंजापेक्षा जास्त खाते.

कधी इकडं आलात आणि बाहेर ऊन असेल, तर मला खुशाल घेऊन जा. फक्त चारचौघांत उघडा. जे पडेल ते मोठ्यानं वाचा, पेन्सिलीतलंसुद्धा.