लुंबिनीचा डबा

मी लुंबिनीचा डबा बोलतोय. दोन पुडाचा, स्टीलचा, झाकणावर टिंबाटिंबांनी तिचं नाव घातलेला.

लातूरच्या गंजगोलाईत भांड्यांच्या एका दुकानात मी टांगलेला होतो. शाळेच्या आठशे मीटर शर्यतीत लुंबिनी पहिली आली आणि तिची आई केवळाबाई मला घेऊन गेली. दुकानदाराने विचारलं, "नाव कुणाचं घालू?" ती म्हणाली, "लेकीचं घाला. तिचाच हाय त्यो."

केवळाबाई डाळमिलमध्ये डाळ निवडायची. कामावर जाण्याआधी ती मला भरायची. खाली ज्वारीच्या भाकरी, वर घट्ट वरण किंवा उकडलेली अंडी, सोबत शेंगदाण्याची चटणी. झाकण दाबताना म्हणायची, "लई पळती माझी लेक. तिला लई लागतंय."

सकाळचा सराव झाला की मैदानाच्या भिंतीपाशी लुंबिनी आणि तिची मैत्रीण अर्शिया जेवायला बसायच्या. चटणीवरून भांडायच्या, बोटं चाटायच्या, हसायच्या. तेव्हा मला माझ्या जन्माचं सार्थक वाटायचं.

एके दिवशी त्यांचे प्रशिक्षक व्यंकट सर जाता जाता म्हणाले, "लुंबिनी, जराशी हलकी झालीस ना, तर तुला कुणी धरू शकणार नाही बघ." सर पुढे गेले आणि बहुतेक विसरलेही. ती विसरली नाही.

त्या दिवशी तिने अर्धीच भाकरी खाल्ली. पुढे चतकोर. पुढे नुसता एखादा घास. अर्शियाने विचारलं तर म्हणायची, "घरून खाऊन आले." घरी म्हणायची, "ग्राउंडवर खाल्लं." उरलेलं सगळं ती भिंतीमागच्या कुत्रीला घालायची आणि मला नळाखाली स्वच्छ धुऊन आणायची.

संध्याकाळी केवळाबाई मला उघडून बघायची. "समदं खाल्लंस?"

"व्हय."

आईचा थकलेला चेहरा खुलायचा. दुसऱ्या दिवशी ती आणखी एक भाकरी घालायची. ती भाकरीही कुत्रीच्याच पोटात जायची. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो.

सुरुवातीला ती खरंच जोरात पळाली. सर खूश झाले. मग पाय जड होऊ लागले. मला धरणारी तिची बोटं भर उन्हातही गार लागायची. केस गळू लागले. पाळी येईनाशी झाली, हे तिने फक्त अर्शियाला सांगितलं.

"बरंच हाय की. सरावाला अडचण न्हाई."

"बरं न्हाई हे, लुंबे. माझ्या अम्मीला विचारू का?"

"कुणाला सांगशील तर बोलणार न्हाई तुझ्याशी!"

नडगी दुखायची, तेही तिने लपवलं. वर गच्च पट्टी बांधून ती पळत राहिली.

नांदेडला विभागीय स्पर्धा होती. मी मैदानाच्या कडेला केवळाबाईच्या पिशवीत होतो. पोरी "लुंबिनी, लुंबिनी" ओरडत होत्या. शेवटच्या वळणावर तो ओरडा एकदम थांबला. केवळाबाई मला छातीशी धरून धावली, तेव्हा तिची लेक आडवी पडून पाय आवळत होती.

नडगीचं हाड मोडलं होतं. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "मुलगी रोज जेवते काय?"

केवळाबाईने मला उघडून पुढे केलं. "भरून देते, मॅडम. रोज रिकामा येतो बघा."

लुंबिनीने तोंड भिंतीकडे फिरवलं. "आई, मी खात नव्हते. कुत्रीला घालत होते."

केवळाबाई रागावली नाही. ती माझं झाकण लावत राहिली. झाकण काही बसेना.

डॉक्टरीणबाई हलक्या आवाजात म्हणाल्या, "बाळ, वाढत्या वयात तू एवढी पळतेस. तुला दिवसाला अडीच हजार कॅलरी तरी हव्यात, सराव जास्त असेल तर त्याहूनही जास्त. तू निम्म्यावर जगत होतीस. मग शरीराने कुठून घ्यायचं? हाडांतूनच घेतलं ना त्याने."

दारात उभे असलेले व्यंकट सर म्हणाले, "मी सहज बोललो होतो..."

पाय प्लास्टरमध्ये असतानाच निवासी क्रीडाशाळेची निवड चाचणी होऊन गेली. हाड जुळलं, पण जोरात पळायला गेली की अजून ठणका येतो. पहिला वेग परत येईल का, हे कुणी सांगत नाही. केवळाबाई आता लेकीला समोर बसवून जेवू घालते. शेवटचा घास गिळेपर्यंत तिच्या तोंडाकडे बघत राहते. मला मात्र ती हात लावत नाही. मी बरेच दिवस फळीवर धूळ खात पडून होतो.

पळणाऱ्या पोरापोरींनो, भूक मारून कुणी वेगवान होत नाही रे. पोटभर खा. आणि मोठ्या माणसांनो, त्यांच्या अंगाविषयी सहज काही बोलू नका. तुमच्यासाठी तो शब्द तिथेच विरतो, त्यांच्या मनात मात्र घर करतो.

परवा लुंबिनीने मला खाली काढलं, पुसलं, स्वतः भाकरी थापून भरलं आणि मैदानावर नेलं. अर्शियाची आता मोठी स्पर्धा आहे.

"माझ्यासमोर खा," लुंबिनी म्हणाली.

अर्शिया डोळे पुसत जेवू लागली. तेवढ्यात पलीकडे शर्यतीची शिट्टी वाजली. मी लुंबिनीच्या मांडीवर होतो, म्हणून मला कळलं. तिची टाच आपोआप उचलली गेली, क्षणभर तशीच राहिली, आणि हळूच खाली टेकली.