करंजबर्डीची न बोलणारी बालवाडी

करंजबर्डीच्या बालवाडीत सत्तावीस मुले होती. त्यांपैकी कोणत्याही एका मुलाला आठ चिंचोके दाखवून ते झाकले, तर शेजारी बसलेले, चिंचोके न पाहिलेले दुसरे मूल ढिगातून मोजून आठच चिंचोके बाहेर काढत असे. मधल्या वेळात दोघांपैकी कोणीही बोलत नसे. याच मुलांना "किती चिंचोके?" असे तोंडाने विचारले, तर ती उजवा हात पुढे करून स्तब्ध बसत.

"पाहिलंत?" मुख्याध्यापक गिरधर मास्तर म्हणाले. "आता हे काय आहे ते तुम्हीच सांगा. तुम्ही सायन्सचे."

मी भौतिकशास्त्राचा पदवीधर आहे, ही गोष्ट अकरा वर्षांच्या नोकरीत शिक्षण खात्याला प्रथमच उपयोगाची वाटली होती. मास्तरांनी जिल्ह्याला तक्रार पाठवली होती. बालवाडीसेविका द्रौपदाबाई मुलांना अनाकलनीय मार्गाने उत्तरे पुरवतात. मुलांना प्रत्यक्षात गणित येत नाही. सबब बालवाडी बंद करून तिच्या ताब्यातला ओटा शाळेस परत मिळावा, असा तिचा मजकूर होता. "अनाकलनीय" या शब्दामुळे वरिष्ठ गोंधळले आणि त्यांनी चौकशी माझ्याकडे दिली. मार्च १९८९ चा तो दुसरा आठवडा होता. तीन दिवस पाहायचे आणि बालवाडी जूनपासून ठेवायची की बंद करायची, ते अहवालात लिहायचे, एवढे माझे काम होते.

"मुलं चोरून उत्तरं देतात, साहेब," मास्तर पुढे म्हणाले.

"चार वर्षांची मुलं?"

"म्हणूनच तर म्हणतो. मोठी झाल्यावर काय करतील?"

ज्यांच्याविषयी हे चालले होते त्या द्रौपदाबाई ओट्याच्या खांबाला टेकून उभ्या होत्या. वय चाळीसच्या आसपास, शिक्षण सातवी पास, नोकरी नऊ वर्षे. दोन्ही खांद्यांवरून पदर घेतलेला. आपल्याविषयीचे बोलणे त्या एखाद्या परक्या बाईविषयीचे ऐकावे तसे ऐकत होत्या.

गावाचे मत मास्तरांहून वेगळे होते. जळगाव–धुळे रस्त्यावर एसटी मला जिथे सोडून गेली, तिथल्या भिकनच्या हॉटेलात ते चहाबरोबर मिळाले.

"बाईले सिद्धी शे, साहेब," भिकन म्हणाला. "बठ्ठा पोरेसना मन एक करी टाकेल शे."

"तुम्ही स्वतः पाहिलंत?"

"मी नही देखं. मना साडूनी देखं."

"साडू कुठे असतात?"

"एरंडोलले."

पहिल्या दिवशी मी एक चूक केली. भटू नावाच्या मुलाला मी विचारले, "पाच आणि तीन किती?" त्याने नेहमीप्रमाणे हात पुढे केला. मूल बुजले असावे असे समजून मी त्याच्या तळहातावर पेपरमिंटची गोळी ठेवली. ती त्याने तत्काळ तोंडात टाकली आणि हात पुन्हा पुढे केला. बाकीच्या सव्वीस मुलांनी हा प्रकार लक्षपूर्वक पाहिला होता. त्यांनी नंतर हात पुढे का केला, याचा निष्कर्ष काढणे मला शास्त्रीयदृष्ट्या अशक्य झाले. गोळ्या संपल्यावर त्या दिवसाचे कामकाज थांबवावे लागले.

दुसऱ्या दिवशी मी खिसे रिकामे ठेवून गेलो. मुलांच्या जोड्या केल्या. पाठमोरे बसवून, मध्ये दीड हात अंतर ठेवून बारा वेळा पाहिले. उत्तर एकदाच बरोबर आले, आणि ते योगायोगाने येऊ शकते. समोरासमोर, दोन्ही हात डोक्यावर ठेवून बारा वेळा पाहिले. एकदाही आले नाही, मुले मात्र फार हसली. मग शेजारी शेजारी, खेटून बसवले. बारापैकी बारा.

म्हणजे आवाज नव्हता आणि डोळ्यांच्या खुणाही नव्हत्या. सिद्धी म्हणावी, तर तिला दीड हाताच्या अंतराची अडचण यायला नको होती. उरला होता स्पर्श.

"बाई," मी विचारले, "तुम्ही मुलांना काय शिकवता?"

"मोजनं."

"कसं?"

त्यांनी माझ्या बुटांकडे पाहिले. "ते काढा आनि बठा ना साहेब. सांगीसन नही समजाव."

मी बूट काढले. द्रौपदाबाईंनी ओट्यावर एक मोठी गोधडी पसरली. मुले तिच्याभोवती गोल बसली आणि प्रत्येकाने तिचा काठ गुडघ्यांवरून ओढून घेऊन दोन्ही हात खाली घातले. मला भटू आणि मंदा नावाच्या पाच वर्षांच्या मुलीच्या मध्ये जागा मिळाली. सत्तावीस मुले इतकी शांत बसलेली मी त्यापूर्वी फक्त शाळेच्या सामूहिक छायाचित्रात पाहिली होती.

थोड्या वेळाने मंदाने गोधडीखाली माझा हात शोधला. आधी माझा सगळा पंजा मुठीत आवळला. सोडला. मग तीन बोटे धरली. सोडली. आणि माझ्याकडे पाहत राहिली.

मीही तिच्याकडे पाहत राहिलो.

तिने तेच पुन्हा केले, या वेळी जरा जोरात. कमी ऐकू येणाऱ्या माणसाशी बोलताना आपण आवाज चढवतो तसे.  पलीकडून भटू माझे कोपर ढोसत होता, कारण हातोहात निघालेली खेळातली गाडी माझ्यापाशी अडली होती.

"बाई," मंदा शेजारच्या मुलीच्या कानात सांगावे इतक्या हळू म्हणाली, "या साहेबना हात मुका शे."

"नवा शेतस ना, बेटा," द्रौपदाबाई तितक्याच हळू म्हणाल्या. "शिकतीन."

मी शिकलो. त्याला पाऊण तास लागला. मुलांना दोन दिवस लागतात, असे बाईंनी माझ्या समाधानासाठी सांगितले. एक ते चार या संख्यांसाठी तेवढी बोटे धरायची. पाच म्हणजे सगळा पंजा. सहा म्हणजे पंजा आणि नंतर एक बोट. दहा म्हणजे मनगट. गाडी एका मुलापासून निघते. प्रत्येक जण हाती आलेल्या संख्येत ठरलेला आकडा मिळवतो आणि पुढच्याच्या हाती देतो. परत आलेली संख्या पहिल्याने चिंचोके मोजून गोधडीवर मांडायची. चूक कुठे झाली ते शोधायला गाडी उलटी फिरवतात, आणि तेव्हा मिळवण्याऐवजी वजा करतात. वजाबाकी हा वेगळा धडा आहे, हे त्या मुलांना अजून कोणी सांगितले नव्हते.

आठ म्हणजे पाच आणि तीन, ही गोष्ट मला दुसरीत पाठ करावी लागली होती. मंदाला ती हातात धरून ठाऊक होती.

"हे तुम्हाला कुठे मिळालं?" मी विचारले.

"आबा दलाल व्हतात. बैलबाजारमा." त्यांचे वडील कौतिक आबा पारोळ्यापासून धुळ्यापर्यंतच्या बाजारांत गुरांचे सौदे करत. भाव चारचौघांत बोलायचा नसतो. घेणारा आणि दलाल रुमालाखाली हात घालून बोटांनी बोलतात, आणि भोवतालच्या शंभर माणसांना काही कळत नाही. "आम्ही चार बहिनी, भाऊ नही. आबा घर उनात का आम्हना हात धरी सौदा करेत. आमले गंमत वाटे. आबा आनि मायनं भांडन बी रुमालखालेच व्हये. आवाज नही. पन मायना नखे मोठा व्हतात."

त्या प्रथमच हसल्या.

गिरधर मास्तरांना हा खुलासा पसंत पडला नाही. "म्हणजे मी म्हणत होतो तेच," ते म्हणाले. "ही बैलबाजाराची विद्या झाली. याला गणित कसं म्हणायचं? मुलं हात दाबतात आणि तुम्ही ते बेरीज म्हणून लिहून घेता. ती बेरीजच आहे हे कशावरून?"

हरकत योग्य होती. मला समजलेली खूण बाईंनीच मला शिकवली होती. साक्षीदार आणि दुभाषा एकच असणे बरे नव्हे. मी मास्तरांना विचारले की, बाईंशी संबंध नसलेला एखादा दलाल मिळेल का. त्यांनी आनंदाने चिंधा दलालांना निरोप धाडला.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेपाशी पोचलो, तेव्हा फाटकाबाहेर भटू गोट्या खेळत होता आणि जिंकलेल्या गोट्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात मोजत होता: "नऊ! धा! अकरा! बारा!" मग तो गोट्या चड्डीच्या खिशात कोंबून ओट्याची पायरी चढला, आणि चढता चढता त्याचा आवाज बंद झाला. हे मी वहीत टिपून ठेवले.

चिंधा दलाल साठीचे, उंच, पांढऱ्या टोपीचे गृहस्थ होते. खांद्यावर धोतराइतका मोठा रुमाल. सत्तावीस मुले पाहून ते ओट्याखालीच थांबले.

"मास्तर, माले सांगं काय व्हतं? गिऱ्हाईक शे, आसं." त्यांनी मुलांकडे बोट केले. "हाई गिऱ्हाईक?"

"आबा, बसा," मी मंदाला पुढे करून म्हणालो. "हिला काही विचारा. बेरीज, वजाबाकी, काहीही. पण बोलू नका."

ते बसले. रुमाल दोघांच्या हातांवर टाकला गेला. प्रथम त्यांच्या चेहऱ्यावर लहान मुलाशी खेळणाऱ्या माणसाचे हसू होते. ते अर्ध्या मिनिटात गेले. मग ते सरसावून बसले. रुमाल हलत होता; मंदा निर्विकारपणे छपराकडे पाहत होती. प्रत्येक वेळी चिंधा आबा आपण काय विचारले आणि काय उत्तर आले ते मला सांगत आणि मी लिहून घेत असे: सात आणि पाच, बारा. बारातून चार, आठ. नऊ आणि नऊ, अठरा. पंधरा वेळा विचारले, पंधरा वेळा बरोबर. सोळाव्या वेळी मंदाने एकदम दुसऱ्या हाताने रुमालावरून त्यांना चापट मारली.

"काय झालं?"

"काही नही," चिंधा आबा किंचित शरमून म्हणाले. "मी बोट धरं आनि अर्धं सोडं. नवा गिऱ्हाईक यामा फसस. हाई नही फसनी." त्यांनी रुमाल काढून घेतला. "साहेब, या पोरले बाजारमा आनू नका. आम्हना धंदा बसी जाई."

 उठता उठता चिंधा आबा थांबले आणि आपल्या उजव्या हाताकडे पाहू लागले.

"पाच धरताना आंगठा आतमधी दाबस हाई पोर," ते म्हणाले. "आसं एकच मानूस धरे. कौतिक आबा. त्यासले जाईसन बारा वरीस व्हयनात." त्यांनी मुलांवरून नजर फिरवली, आणि ती खांबापाशी थांबली. "तू आबानी पोर?"

"हाव."

"बाजारमा कधी दिसनी नही."

"बाईले बाजारमा कोन येऊ देस, आबा?"

चिंधा आबांनी रुमाल घडी करून खांद्यावर टाकला. जाताना त्यांनी आपला उजवा हात द्रौपदाबाईंपुढे केला. बाईंनी पदराखालून तो क्षणभर धरला. काय सौदा झाला, ते मला कळले नाही. मी विचारलेही नाही.

मुलांना गणित येते, हे सिद्ध झाले होते. परंतु चौकशी पुरी झाली नव्हती. मुले हाताने का मोजतात याचे कारण मिळाले होते. तोंडाने का मोजत नाहीत याचे मिळाले नव्हते. दलाल घरी जाऊन बोलतात. भटूही फाटकाबाहेर बोलतो. मग ओट्यावरच काय होते?

मी बाईंना तसे विचारले.

"ते शाळानी वहीमा शे, साहेब," त्या म्हणाल्या. "आदेशनी वही."

मास्तरांना वही लगेच सापडेना. मी थांबलो, तेव्हा सापडली. ११ ऑगस्ट १९८३ च्या पानावर सुवाच्य अक्षरात लिहिले होते: "ओट्यावरील बालवाडीत मुले मोठ्याने आकडे म्हणतात. त्यामुळे भिंतीपलीकडील चौथीच्या वर्गास व्यत्यय येतो. सबब यापुढे ओट्यावर आकड्यांचा उच्चार होऊ नये." खाली मुख्याध्यापकांची सही, आणि त्याखाली शाईचा एक डाग टाळून केलेली द्रौपदाबाईंची.

"सही तुमची?" मी मास्तरांना विचारले.

त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावून पाहिले. "माझीच आहे," ते म्हणाले. "पण साहेब, खरं सांगू? बाई इतकं ऐकतील असं वाटलं नव्हतं."

"बाई, हे तुम्ही पहिल्याच दिवशी का नाही सांगितलं?"

"कोनी इचारंच नही."

ओट्यावर त्या वेळी गाडी चालू होती. गोधडीचा काठ एका बाजूने दुसऱ्या बाजूला हलत जात होता, आणि भिंतीपलीकडे चौथीचा वर्ग मोठ्याने पाढे म्हणत होता.

अहवालाचा छापील नमुना तीन रकान्यांचा होता. शिफारशीचा रकाना मी आधी भरला: बालवाडी चालू ठेवावी, सेविका त्याच असाव्यात. दोषाच्या रकान्यात लिहिले: मुले ओट्यावर आकड्यांचा उच्चार करीत नाहीत. मधला रकाना कारणाचा होता. त्यात लिहिले:

मुख्याध्यापकांचा दि. ११ ऑगस्ट १९८३ चा लेखी आदेश. आणि सेविकेने साडेपाच वर्षे, गणित न थांबवता, केलेले त्याचे तंतोतंत पालन.