बसम्माच्या तोंडून

दोन भाषा येणाऱ्या बाईला सभेत स्वतःचं बोलायला मिळत नाही, हे कळायला बसम्माला तीन वर्षं लागली. आणि कळलं तेव्हा तक्रार करायची सोय नव्हती, कारण नियम तिचाच होता.

कुंभारीच्या कामगार वसाहतीतल्या बायका दर रविवारी दुपारी तीनला समाजमंदिरात जमत. विड्या वळणाऱ्या बायकांची, बायकांनीच चालवलेली पतसंस्था काढायची, हे बसम्माच्या डोक्यातलं खूळ. त्यासाठी तिने वसाहतीतली एक गल्ली सोडली नव्हती. विड्या कारखान्यात देऊन परत येताना रोज चार दारं वाजवायची. कुणी चहा दिला, कुणी दार लावून घेतलं, एकीने तर अंगावर कुत्रं सोडलं. पुढे तीच बाई सगळ्यांच्या आधी येऊन सतरंजी अंथरू लागली.

बायका जमल्या आणि बोलण्याची पंचाईत झाली. तेलुगू घरांतल्या आणि दखनी बोलणाऱ्या बायका मराठीवर भागवून घेत, पण दुधनी-अक्कलकोटकडून आलेल्या कन्नड बायका तोंडाला पदर लावून गप्प बसत. तेव्हा बसम्माने नियम केला. जिला ज्या भाषेत सुचेल तिने त्या भाषेत बोलायचं, बसम्मा ते दुसऱ्या भाषेत सांगणार. आणि सगळ्यांची एकेक पाळी झाल्याशिवाय कुणी दुसऱ्यांदा बोलायचं नाही.

नियम चांगला होता. फक्त बसम्मा सबंध दुपार दुसऱ्यांचं बोलत राही, आणि तिची स्वतःची पाळी येईपर्यंत बायका चपला शोधत असत. तिला त्याचं काही वाटत नव्हतं. जे चाललंय ते आपल्या तोंडून चाललंय, एवढं तिला पुरे होतं. शिवाय नोंदणीच्या अर्जावर पहिली सही मुख्य प्रवर्तकाची असते, आणि ती बसम्माचीच असणार, हे सगळ्या धरून चालल्या होत्या. विड्यांच्या बंडलावरच्या कोऱ्या कागदावर तिने ती सही कितीदा तरी गिरवून ठेवली होती.

मग भुवनेश्वरी राहायला आली.

दुधनीची. नवरा मार्केट यार्डात हमाल, तिसऱ्या गल्लीत भाड्याने खोली. दुकानदारांना कडक भाकऱ्या करून द्यायची, पापडासारख्या पातळ, हातात घेतल्या की वाजणाऱ्या. मराठी तिला भाजीबाजारापुरतं येत होतं. पहिल्या रविवारी ती मागे बसली आणि पाळी आल्यावर कन्नडमध्ये चारच वाक्यं बोलली. कन्नड बायकांचा कोपरा असा खदखदला की एकीची तपकीर सांडली.

मराठी बायका बसम्माच्या तोंडाकडे बघू लागल्या. बसम्माला सगळं समजलं होतं. खरं म्हणजे तिलाही हसू आलं होतं, पण ते ओठांपर्यंत येताना वाटेत कुठेतरी आंबट झालं. तीन वर्षांत तिच्या बोलण्यावर कुणाची तपकीर सांडली नव्हती. ती म्हणाली, "ती म्हणती, मी दुधनीची हाय, भाकऱ्या करती, संस्थेत यायचं हाय." चूक एकही नव्हती. मराठी बायकांनी माना डोलावल्या आणि पाळी पुढे गेली.

असं दोन-तीन रविवार झालं. भुवनेश्वरी बोलायची, इकडे हशा पिकायचा, आणि बसम्मा त्यातलं मीठ काढून घेऊन तिकडे अळणी वाढायची. एकदा सतरंजी झटकताना भुवनेश्वरीने तिला अगदी साधेपणाने कन्नडमध्ये विचारलं, "अक्का, मराठी बायका हसत नाहीत का गं?"

बसम्मा म्हणाली, "त्यांना हसायला वेळ लागतो."

इथवर चाललं असतं. पण बजाबाईचं प्रकरण झालं.

बजाबाई मंगळवेढ्याकडची. गेली अठरा वर्षं ती आणि बसम्मा एकाच ओट्यावर, मांडीवर सूप घेऊन, गुडघ्याला गुडघा लावून विड्या वळत आल्या होत्या. कन्नडचं अक्षर बजाबाईला येत नव्हतं, म्हणजे ती भुवनेश्वरीच्या फंदात पडायची भीती नव्हती, असा बसम्माचा हिशोब. एका दुपारी तिसऱ्या गल्लीतून जाताना भुवनेश्वरीच्या खोलीतून बजाबाईचं हसणं ऐकू आलं. ते हसणं बसम्माला एक किलोमीटरवरून ओळखू आलं असतं. ती दारासमोरून न थांबता पुढे गेली, आणि कोपऱ्यावर पोचल्यावर काहीतरी विसरल्यासारखं करून पुन्हा दारासमोरून आली. बजाबाई कोपरापर्यंत पिठात बरबटलेली होती. तिने बसम्माला बघितलंही नाही.

दुसऱ्या दिवशी ओट्यावर बसम्माने विचारलं, "काय बोलता गं तुमी दोघी? तुला तिचं कळत न्हाय, तिला तुझं."

"बोलतंय कोण?" बजाबाई म्हणाली. "ती करून दाखवती, मी बिघडवून दाखवती. लई मजा येती की."

बसम्माने त्या दिवशी शंभर विड्या सैल वळल्या. कारखान्यातल्या तपासणाऱ्याने मूठभर बाजूला काढल्या तेव्हा तिने मनातल्या मनात त्याही भुवनेश्वरीच्या नावावर मांडल्या.

त्याच आठवड्यात बजाबाईची सून पायल, जी बारावीपर्यंत शिकलेली होती आणि अर्ज वगैरे वाचायची, सहज म्हणून गेली की मुख्य प्रवर्तक म्हणून त्या भाकरीवाल्या मावशीपण चालतील, त्यांच्याभोवती बायका जमतात. बजाबाईने यावर काही म्हटलं नाही. नको म्हटलं नाही, हेच बसम्माने घरी नेलं आणि दोन दिवस जपलं.

पुढच्या रविवारी भाडेकरूंचा विषय निघाला. घर नावावर नसलेल्या बायकांना सभासद करायचं का? वसाहतीत अशा नऊजणी होत्या आणि भुवनेश्वरी त्यांतली एक. बऱ्याच जणींना भीती होती, की आज हितं असलेली बाई उद्या कुटं जाईल कोण जाणे. भुवनेश्वरी बोलायला उठली. त्या दिवशी ती खूप वेळ बोलली. कन्नड कोपरा आधी हसला, मग हळूहळू गप्प झाला, आणि शेवटी एक-दोघींनी डोळ्यांना पदर लावला. ती खाली बसली तेव्हा बाहेर पाण्याचा टँकर आल्याचा आवाज झाला तरी कन्नड बाजूची एकही बाई उठली नाही.

मराठी बाजू वाट बघत होती. बसम्मा म्हणाली, "ती म्हणती, भाडेकरूंना पण सभासद करा. चार वर्षांत तीन घरं बदलावी लागली म्हणती."

दोन्ही वाक्यं भुवनेश्वरीचीच होती. दुसरं ऐकून मराठी बायकांनी एकमेकींकडे बघितलं. हात वर झाले. बाजूने सव्वीस, विरुद्ध बत्तीस. भाडेकरू बाहेर राहिल्या, आणि जी सभासद नाही तिला मुख्य प्रवर्तक करता येत नाही. बसम्मा घरी आली, गार पाण्याने तोंड धुतलं, आणि बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवली.

आठ दिवसांनी निवडीची सभा होती. भाडेकरूंना हात वर करायचा हक्क नव्हता, पण बसायला आणि बोलायला कुणाची बंदी नव्हती, हाही बसम्माचाच नियम. भुवनेश्वरी आली. पाळी आल्यावर उभी राहिली आणि कन्नडमध्ये म्हणाली, "हे काम अक्काचं आहे. तीन वर्षं दारं तिने वाजवली. पहिली सही तिचीच पाहिजे." आणि बसली.

बसम्मा गाळायची तयारी करूनच बसली होती. गाळण्यासारखं काही सापडेना. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. मग तिने सुरुवात केली, आणि एकदा सुरू झाल्यावर तिला थांबता येईना. दारं आली, उन्हं आली, कुत्रं आलं, पायातली तुटकी चप्पल आली, कारखान्यातून परतताना मारलेले हेलपाटे आले. बसम्मासारखी बाई सबंध सोलापुरात सापडणार नाही, असं भुवनेश्वरी म्हणते, इथवर ती पोचली.

मराठी बाजूला कुणीतरी फिस्सकन हसलं. पायलने तोंडावर हात ठेवून विचारलं, "मावशी, हे त्या म्हणाल्या का तुमी?"

आता सगळ्याच हसल्या. बजाबाई तेवढी हसली नाही. ती बसम्माकडे बघत होती, ओट्यावर एखादी विडी उलटी वळलेली दिसली की बघायची तशी.

"बसम्मा," ती म्हणाली, "मागल्या रविवारी ती एवढा वेळ बोलली, ते तू दोन वाक्यांत उरकलंस. आज ती दोन वाक्यं बोलली, तर तुझं संपंना. काय भानगड हाय?"

बसम्माने निंगव्वाकडे बघितलं. निंगव्वा म्हणजे वसाहतीतली सगळ्यात म्हातारी, दोन्ही भाषा येणारी, आणि दर सभेत सगळ्यांच्या शेवटी पाळी घेणारी. "निंगव्वा, तू सांग की यांना. ती म्हणली का न्हाय, पहिली सही अक्काची?"

"म्हणली," निंगव्वा म्हणाली. "आजचं खरं हाय. मागल्या रविवारचं मी सांगू, का तू सांगतीस?"

म्हणजे कळत होतं. निंगव्वाला कळत होतं, आणखी पाच-सहाजणींना कळत असणार. त्या इतके रविवार बघत बसल्या होत्या. बसम्माला वाटलं, उठून चपला घालाव्यात. पण बजाबाईची नजर तशीच होती. त्या नजरेसमोरून जाऊन उद्या त्याच ओट्यावर गुडघ्याला गुडघा लावून बसायचं, हे तिला जमलं नसतं.

"मीच सांगती," ती म्हणाली. "ती जे म्हणली त्यातलं निम्म्याहून जास्त मी तुमाला दिलं न्हाय. मुद्दाम. आता घ्या."

आणि तिने सांगितलं. आठ दिवस झाले होते, पण तिला एकेक शब्द पाठ होता. माणूस प्रेमाने ऐकतो ते विसरतो. जळून ऐकलेलं कुठे जात नाही. बसम्मा उभी राहिली आणि भुवनेश्वरी होऊन बोलली.

"आमी पळून जाऊ म्हणता. माझी सासू ऐंशी किलोची हाय, गुडघे गेलेत. तिला घेऊन कुणीतरी आधी कोपऱ्यापर्यंत पळून दाखवा, मग मी जाती." मराठी बाजूला हसू फुटलं. भुवनेश्वरी दचकून इकडेतिकडे बघू लागली. मराठी बायकांना हसायला वेळ लागतो हे अक्काने सांगितलं होतं खरं, पण आठ दिवस?

बसम्मा पुढे गेली. "चार वर्षांत तीन घरं बदलली. भाड्याच्या भिंतीला खिळा मारायचा तर मालकाला विचारायला लागतं. तिन्ही मालक न्हाय म्हणाले. म्हणून माझा फोटोतला मल्लिकार्जुन पिठाच्या डब्यावर बसतो. पीठ काढायचं झालं की त्याला उठवायचं, डबा उघडायचा, परत बसवायचं. दिवसाला दहादा. तो बिचारा काय म्हणत न्हाय. मी संस्थेत कर्जासाठी आले न्हाय. एक तरी भिंत अशी असावी, जिथं खिळा माराया कुणाला विचारायला लागणार न्हाय, म्हणून आले."

खिळा मारताना तिने हवेत हात केला. तो हात बघून भुवनेश्वरीला कळलं काय चाललंय ते. ती बसम्माकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि तेच बसम्माला सहन झालं नाही. रागावली असती तर निदान बरोबरी झाली असती.

फेरमतदान घ्या, असं बजाबाई म्हणाली. विरुद्ध तीनच हात वर झाले, आणि तेही अर्धवट. नऊजणी तिथल्या तिथे सभासद झाल्या. मग बजाबाईनेच भुवनेश्वरीचं नाव सुचवलं. भुवनेश्वरी नको नको म्हणू लागली. "तिला सांग," बजाबाई बसम्माला म्हणाली, "नको म्हणायचं न्हाय." आणि बसम्माने ते कन्नडमध्ये सांगितलं, एक अक्षर न गाळता.

पडद्यामागे दोन डबे ठेवले, प्रत्येकीच्या हातात तुरीचा एकेक दाणा दिला. बसम्माने आपला दाणा आपल्याच डब्यात टाकला, आणि त्याची तिला लाज वाटली नाही. बजाबाईने कुठे टाकला ते तिने विचारलं नाही. पुढेही विचारणार नव्हती. मोजणी पायलने केली. भुवनेश्वरी छत्तीस, बसम्मा एकतीस. नऊ भाडेकरू वजा केल्या तर आपण चाराने निवडून आलो होतो, हा हिशोब पायलचं बोलणं संपायच्या आत बसम्माने मनात करून टाकला होता.

अर्ज द्यायला त्या चौघी शहरात गेल्या: भुवनेश्वरी, बसम्मा, बजाबाई आणि कागद सांभाळायला पायल. सहकार खात्याच्या कार्यालयातले साहेब चष्म्यावरून बघत म्हणाले, पहिली सही करणारी बाई स्वतः भाडेकरू, आणखी आठजणी भाडेकरू. पळून गेल्या तर काय करणार?

बसम्माने प्रश्न भुवनेश्वरीला सांगितला. भुवनेश्वरीने थोडा विचार केला आणि उत्तर दिलं. उत्तर ऐकून बसम्माला मनापासून राग आला, कारण ते चांगलं होतं आणि आपल्याला सुचलं नव्हतं. तिने ते साहेबांना जसंच्या तसं सांगितलं:

"जी बाई जाणार असती ती आधी तवा बांधती. कुणाच्या घरात भाकरीचा आवाज आला न्हाय, हे आमच्या गल्लीत सकाळी सातला कळतंय. तुमच्या खात्याला कळायला मार्च यायला लागतोय."

साहेब हसले. शेजारच्या टेबलावरचा कारकूनही हसला. "बाई," साहेब शिक्का शोधत म्हणाले, "बोलता मात्र झकास तुम्ही."

बसम्मा जराशी थांबली. बजाबाई तिच्याकडे बघत होती.

"मी न्हाय, साहेब," ती म्हणाली. "ही बोलली. मी नुसतं मराठी केलं."

साहेबांनी भुवनेश्वरीकडे बघून मान हलवली आणि शिक्का मारला. बाहेर जिन्यात भुवनेश्वरीने बसम्माचा हात धरला. गुडघ्यांना जपत दोघी एकेक पायरी उतरत होत्या. साहेब शेवटी काय म्हणाले, असं तिने कन्नडमध्ये विचारलं.

"कागद बरोबर आहेत म्हणाले," बसम्माने सांगितलं.

झकास हा शब्द तिने स्वतःपाशी ठेवून घेतला. एवढा एक शब्द कुणाच्या मोजणीत येणार नव्हता.