कापशीच्या अंगाचा वास

“थोरली ना तू? मग दे बघू तिला.”

आईचा हा आवाज थोरलीच्या कानात मुरून बसला होता. आवाज गोड होता, हेच तर वाईट. रागाचा असता तर उलट बोलता आलं असतं. खिडकीजवळची जागा दे, लाल रिबीन दे, सायकलवर पुढे बसायचं दे. थोरली देत गेली, धाकटी घेत गेली. आणि घेताना धाकटी अशी काही हसायची, की देणारीलाच वाटावं, हे आपल्याला शोभत नव्हतंच मुळी.

पुढे आई गेली. धाकटी लग्न करून लांब गेली. थोरली एकटी राहिली, तिच्या केसांत पांढरं आलं आणि मागणारं कुणी उरलं नाही. मग कुठे तिला कापशी मिळाली.

कपडे धुण्याच्या एका मोठ्या दुकानात थोरली डागांच्या टेबलावर काम करायची. शाईचा डाग, रक्ताचा डाग, गंजाचा डाग, सगळ्यांची औषधं तिला ठाऊक. पण तिचं खरं नाव होतं ते वासासाठी. कोटात भिनलेली सिगरेट असो, शालीत राहिलेलं आजारपण असो, एखाद्या शर्टाला लागलेलं परकं अत्तर असो, सगळं तिच्यापुढे येऊन पडायचं. व्हिनेगरचं पाणी, त्यात साबणाचा थेंब, मऊ फडकं, आणि कापडाच्या लवीच्या उलट हात. थोरलीच्या हाताखालून गेलेलं कापड कुणाचंच राहत नाही, जणू आत्ताच मागावरून उतरलंय, असं दुकानातल्या बायका म्हणायच्या.

कापशी तिला तिथेच सापडली, मळक्या चादरींच्या गाठोड्यात. मांजरीचं पिल्लू, डोळे नुकते उघडलेले, अंग बोंडातून फुटलेल्या कापसासारखं. मालकाने तोंड वाकडं केलं तसं थोरलीने ते पिल्लू स्वेटरच्या आत घातलं आणि तडक घर गाठलं. थेंबाथेंबाने दूध पाजलं, उशाशी निजवलं. मोठी झाल्यावर कापशी दुसऱ्या कुणाच्या वाऱ्याला उभी राहीना. शेजारीण आली की ही कपाटावर. “माणूसघाणी आहे मेली,” असं थोरली वरवर कुरकुरायची, आणि आतून तिच्या काळजावर मोरपीस फिरायचं.

मग धाकटी आली. तिचा संसार मोडला होता, आणि थोरलीच्याच गावात एका बेकरीत बिस्किटांच्या भट्टीवर तिला काम मिळालं होतं. खोली मिळेपर्यंत राहते गं ताई, असं म्हणत तिने दारात पिशवी टेकवली. पिशवी टेकते न टेकते तोच कापशी कपाटावरून खाली उतरली. पिशवी हुंगली, पदर हुंगला, आणि मांडीवर चढून अशी पसरली, जणू इतकी वर्षं तिचीच वाट बघत होती.

धाकटी हसली. तेच हसू.

“अगं, ही तर किती मायाळू आहे. तू तर म्हणायचीस माणूसघाणी आहे.”

थोरली भाजी चिरत होती, ती मात्र त्या दिवशी फार बारीक चिरली गेली.

त्यानंतर रोजचंच झालं. धाकटी भट्टीवरून यायची ती लोण्याचा आणि व्हॅनिलाचा वास घेऊन. खुर्चीत बसायची, कापशीला मांडीवर घ्यायची, आणि डाव्या कानामागून धरून बरगडीवरून शेपटीच्या मुळापर्यंत हात फिरवत राहायची. हात फिरे तशी कापशी घुरघुरे, घुरघुरे तशी धाकटी दिवसभराचं सांगे. निजायला कापशी थोरलीकडेच यायची, हे खरं. पण येताना धाकटीचा वास अंगावर घेऊन यायची. आपल्याच उशाशी आपलीच मांजर, आणि नाकात दुसरीचं लोणी.

थोरलीला काय करायचं ते कुणी शिकवायला नको होतं. व्हिनेगरचं पाणी, साबणाचा थेंब, मऊ निळं फडकं. डाव्या कानामागून शेपटीपर्यंत, लवीच्या उलट. पुसून झालं की ती नाक लावून बघायची. कापशी पुन्हा कुणाचीच नसायची, म्हणजे तिची असायची. रेशमाला चालतं ते मांजरीला का चालू नये, हा विचारसुद्धा तिच्या मनाला शिवला नाही.

काही दिवसांनी कापशी खाजवू लागली. आधी कान, मग बरगडी. चाटून चाटून केस गेले, खालची कातडी लाल झाली आणि तिच्यावर बारीक पुरळ उठलं. थोरलीने नीट पाहिलं आणि तिला गंमत वाटली, कडू गंमत. जिथून धाकटीचा हात फिरायचा, बरोबर त्याच वाटेने लाली उठली होती.

जनावरांच्या दवाखान्यात दोघी मिळून गेल्या. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, हाताने हलक्या. त्यांनी बारीक फणी फिरवून पिसवा पाहिल्या, एकही सापडली नाही. दिव्याखाली धरून नायटा आहे का ते पाहिलं, तोही नव्हता. मग खाण्याचं विचारलं, तेव्हा धाकटीचा चेहरा उतरला. बोटाला लागलेलं लोणी चाटवते कधीकधी, तिने कबूल केलं, आणि शाळेतल्या मुलीसारखे हात मागे लपवले.

“अंगाला काही लावता? शाम्पू, तेल, पावडर?” डॉक्टरांनी विचारलं. “जरा आंबूस वास येतोय.”

“माझ्या हातांचा असेल,” थोरली म्हणाली. “कामावर दिवसभर व्हिनेगरच असतं.”

खोटं नव्हतं ते. पण सगळं खरंही नव्हतं.

डॉक्टरांनी मलम दिलं, चाटू नये म्हणून गळ्यात फुलपात्रासारखी प्लास्टिकची गळपट्टी अडकवली, आणि लोणी बंद करायला सांगितलं. बेकरीतल्या हातांनी काही दिवस लांबच राहिलेलं बरं, असंही त्या म्हणाल्या. परतीच्या वाटेवर कापशीची पेटी थोरलीच्या हातात होती, आणि ती बरीच हलकी लागत होती.

मग कापशी थोरलीच्या खोलीत राहिली, दार लावून. थोरलीला हवं होतं ते सगळं झालं, कुणाशी न भांडता झालं. धाकटी दाराबाहेर जमिनीवर बसायची आणि फटीतून बोलायची. आज बिस्किटं करपली बघ, आज मालकीण माझ्यावर खेकसली बघ. आतून कापशी गळपट्टी दारावर आपटत, फटीला बरगडी घासत बसायची. फटीतून धाकटीची दोन बोटं आत यायची, फक्त दोन. थोरलीला ती दिसायची. बोटं मागे गेली की थोरली फडकं भिजवायची.

मलम लावायचं आणि त्यावरून पुसायचं. बरं होणार कसं? बरगडीवरची कातडी ओली दिसू लागली.

एका सकाळी थोरलीने फडकं हातात घेतलं, आणि कापशी पलंगाखाली पळाली. थोरली ओणवी झाली. आत अंधारात गळपट्टीच्या वाटीतून दोन डोळे तिच्याकडे बघत होते. तिच्याकडे नव्हे, तिच्या हातातल्या निळ्या फडक्याकडे. थोरलीने फडकं पाठीमागे धरलं तसे डोळे निवळले. पुन्हा पुढे केलं तशी कापशी भिंतीला चिकटली.

कळायचं ते थोरलीला तिथेच कळलं, गुडघे टेकलेले असतानाच. तिने फडकं धुतलं, पिळलं, दोरीवर वाळत घातलं. आणि स्वयंपाकघरात जाऊन धाकटीला सांगावं, तर धाकटीनेच आधी तोंड उघडलं.

“ताई, मी खोली बघितली गं. भट्टीच्या मागेच आहे.” ती कपातल्या चहाकडे बघत बोलत होती. “मी आल्यापासूनच झालंय हे तिला. माझा हातच वाईट.”

थोरलीला म्हणायचं होतं, तसं नाही. पण तिने चहाचं भांडं घासायला घेतलं. कारण तिच्या मनात एक लहानसं, लख्ख चित्र उमटून गेलं होतं: उघडं दार, मोकळी खुर्ची, आणि उशाशी एकट्या तिचीच कापशी. त्यासाठी काही करायचं नव्हतं. फक्त गप्प राहायचं होतं. गप्प राहण्यात तर तिचा जन्म गेला होता.

त्याच दुपारी दोघी पुन्हा दवाखान्यात गेल्या. धाकटी शेवटचं म्हणून आली, आणि टेबलापासून लांब, भिंतीला टेकून उभी राहिली. डॉक्टरांनी जखम पाहिली आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. मलमाने भागत नाही, त्या म्हणाल्या. आता सुई द्यावी लागेल, आणि मग गोळ्या. गोळ्या कडक असतात, तहान वाढते, भूक वाढते, फार दिवस दिल्या तर आतली इंद्रियं शिणतात. कारण सापडत नाही म्हणून द्यायच्या, एवढंच.

“मी जातेय तिथून,” धाकटी भिंतीपाशीच म्हणाली. “मी गेल्यावर थांबेल ना हे? गोळ्या थोडं थांबून दिल्या तर चालेल?”

डॉक्टर म्हणाल्या, खात्री देता येत नाही. त्यांनी सुईत औषध भरायला घेतलं. कापशी टेबलावर चारही पाय गोळा करून बसली होती. तिने गळपट्टी वळवली, भिंतीपाशी उभ्या धाकटीकडे पाहिलं, आणि एकदाच बारीक ओरडली. धाकटीचा हात आपसूक पुढे आला. अर्ध्यावरच तिला आठवलं आणि तिने तो दुसऱ्या हाताने धरून मागे घेतला, तापलेल्या भट्टीपासून घ्यावा तसा.

हेवा तिथेही होता. कापशीने तिच्याकडे का पाहावं, माझ्याकडे का नाही, हे थोरलीला तेव्हाही टोचलंच. पण त्या मागे घेतलेल्या हाताकडे तिच्याने बघवेना.

“थांबा डॉक्टर,” ती म्हणाली.

सुई हवेत थांबली.

“लोणी नाही, हिचा हातही नाही. मी पुसते तिला. व्हिनेगरने, साबणाने, रोज.” मग ती डॉक्टरांकडून वळली आणि बहिणीच्या डोळ्यांत बघून म्हणाली, “तुझा वास यायचा गं तिला. तो मला सोसवत नव्हता.”