तिसऱ्या साक्षीदाराची जागा

शके १९४७, मार्गशीर्ष मास. बुधवार, दिनांक १० डिसेंबर २०२५, सकाळचे साडेअकरा. स्थळ नाशिक, विवाह नोंदणी कार्यालयाचा व्हरांडा.

सर्व्हर दहापासून बंद होता, आणि जयराम मंडलिक त्याच्याही आधीपासून थकलेले होते. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात चौतीस वर्षे कारकुनी करूनही असा शीण त्यांना कधी आला नव्हता. लेक स्नेहा आज रवीशी लग्न करणार होती. रवी म्हणजे शेजारी बाकावर बसलेल्या फकिरा गांगुर्डे मास्तरांचा मुलगा. जातीबाहेरच्या या लग्नाला आपली संमती नाही, हे जयरामरावांनी महिनाभर घरात घोटीव, सविस्तर वाक्यांत सांगितले होते. येईन, पण सही करणार नाही.

कायद्याला साक्षीदार तीन लागतात. स्नेहाने दोघेच आणले होते.

“तिसरा कोण?” त्यांनी सकाळी विचारले होते.

“तुमची जागा ठेवलीय, बाबा.”

मास्तर आणि ते वीस वर्षे वाचनालयात अमेरिकेच्या जुन्या अध्यक्षांवरून भांडत आले होते. लग्नाबद्दल बोलायचे बळ आज दोघांतही नव्हते. म्हणून तोच विषय निघाला.

“निक्सन कसला पुराणमतवादी?” मास्तर जांभई देत म्हणाले. “पर्यावरणाचं सरकारी खातं त्याच्याच काळातलं. एकाहत्तर साली भाव आणि मजुरी गोठवली, तीही त्यानंच.”

“परिस्थितीनं करवलं. त्याची भाषणं वाचा.”

“ती तुम्ही वाचा. मी कायद्याखालची सही वाचतो. रेगनचं घ्या. ब्याऐंशीत कर वाढवले की नाही?”

“वाढवले. पण बोलण्यात तसूभर हलला नाही! माणूस शब्दांवरून ओळखावा, मास्तर. सही काय, वेळ आली की कुणीही करतो.”

“अहो, त्या निक्सनला सोडा आता,” जयरामरावांच्या पत्नी सुमनबाई पलीकडून म्हणाल्या. “तो काही आहेर घेऊन येणार नाही.”

इतक्यात सर्व्हर सुरू झाला आणि खिडकीतून कारकुनाची हाक आली. “स्नेहा मंडलिक! तिसरा साक्षीदार कुठाय? नसेल तर पुढची तारीख घ्या.”

स्नेहाने मागे वळून पाहिले नाही. रवीने पाहिले, आणि मान खाली घातली.

जयरामराव गुडघ्यांवर हात टेकून उठले. न वाचलेल्या कागदावर त्यांनी आयुष्यात सही केली नव्हती. हाही त्यांनी दोनदा वाचला. आक्षेप घ्यावा असे एकही वाक्य त्यात सापडले नाही. मग त्यांनी खिशातले शाईपेन काढले आणि वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, सावकाश सही केली.

परत येऊन ते बाकावर जड अंगाने बसले.

“माझं मत बदललेलं नाही,” ते म्हणाले. “नाइलाज होता.”

मास्तरांनी पाण्याची बाटली त्यांच्यापुढे सरकवली.

“जयरामराव, तुम्ही पुराणमतवादी नाही. कधीच नव्हता.”