घरचं पार्सल

बाईंच्या हाताला वजन कळायचं. खोकं उचललं की त्या आधी आकडा सांगायच्या आणि मग ते काट्यावर ठेवायच्या. काट्याने पाच-दहा ग्रॅमचा फरक दाखवलाच तर त्याच्याकडे अशा बघायच्या, की त्यानेच ओशाळावं. पार्सलच्या त्या कचेरीत त्यांना बावीस वर्षं झाली होती. तेवढ्या काळात मालक दोनदा बदलले, भिंतींचा रंग तीनदा बदलला. खिडकीमागच्या बाई होत्या तशाच होत्या.

दोन वर्षांपूर्वी मुख्य कचेरीतून एक पत्रक आलं. शाळा-कॉलेजातली मुलं फोनवरून नशेच्या गोळ्या मागवतात, विकणारे त्या वह्या-पेनांच्या नाहीतर नेलपॉलिशच्या नावाखाली धाडतात. तेव्हा चिठ्ठीवरचं वजन आणि काट्यावरचं वजन जुळलं नाही तर पार्सल पुढे सोडू नये. ते जाळीच्या कपाटात टाकायचं, कुलूप लावायचं, वहीत नोंद करायची आणि मंगळवारी तपासनीस आले की त्यांच्या हवाली करायचं. आपण उघडायचं मात्र नाही. बाकीच्यांनी पत्रक वाचून भिंतीला चिकटवलं. बाईंनी मनावर घेतलं. दोन वर्षांत एकोणीस पार्सलं त्यांनी धरली. ‘तुमच्यासारखी चार माणसं हवीत,’ असं तपासनीस एकदा म्हणाले होते. घरी सांगताना बाई ती चारही माणसं शाबूत ठेवत, फक्त तपासनिसांचा आवाज दर खेपेला जरा गहिवरत जाई.

ऐकायला घरी एकच माणूस होतं, धाकट्या बहिणीची मुलगी. वय सतरा. प्रवेशपरीक्षेच्या क्लाससाठी वर्षभर मावशीकडे राहायला आलेली. लहानपणी एका जागी बूड टेकत नसे म्हणून नाव पडलं भिंगरी, आणि ते चिकटलं ते चिकटलंच.

“नेलपॉलिश म्हणे!” जेवताना बाई सांगायच्या. “अगं, काचेची बाटली कधी कापसासारखी लागते का हाताला?”

“मग त्यांनी काय लिहायला हवं होतं, मावशी?”

“ते मी कशाला सांगू त्यांना? पण कागदाचं काहीतरी लिहिलं असतं तर माझंही लक्ष गेलं नसतं एखाद वेळी.”

आता कचेरीत एक जुनी सोय होती. तिथल्या कुणाच्या घरचं पार्सल आलं की ते काट्यावर न जाता थेट त्याच्या टेबलावर यायचं. संध्याकाळी ज्याचं त्याने पिशवीत टाकून न्यावं. वाटप करणाऱ्याची तेवढीच एक खेप वाचते. हा नियम कुणी केला नव्हता, त्यामुळे मोडायचा प्रश्नच नव्हता. गेले चार महिने दर पंधरा दिवसांनी भिंगरीचं काही ना काही येत होतं. खुणेच्या पट्ट्या, चिकटचिठ्ठ्या, असलंच अभ्यासाचं सामान. बाई ते नेऊन देत. बाईंच्या हाताला वजन कळायचं खरं, पण घरच्या पार्सलाला लागायचा तो मावशीचा हात.

आणि पोरगी अभ्यास तरी काय करत होती! पहाटे जाग आली तर दिवा चालूच. एकदा तर उजाडायच्या आत स्वयंपाकघरातले सगळे डबे घासूनपुसून पुन्हा मांडून ठेवलेले. जेवण चिमणीएवढं, बोलणं मात्र धबधब्यासारखं. बाईंनी हे सगळं बिनबोभाट जमेला धरलं आणि बहिणीला फोनवर कळवलं, “तुझी लेक माझ्यावर गेलीय. कामाला वाघ!”

त्या गुरुवारी सकाळी बाईंना काटा तपासायचा होता. आदल्या दिवशी झाडलोटीत तो हलवला होता, आणि हलवलेल्या काट्यावर बाई विश्वास ठेवत नसत. तपासायचं पितळी माप मात्र जागेवर नव्हतं. वाटप करणारा पोरगेला गडी, कचेरीत सगळे त्याला फटफट्या म्हणत, तो डोकं खाजवत म्हणाला, “काल दाराला टेकू लावला होता बाई त्याचा. दार आपटत होतं.”

“मग आता कुठंय?”

“दार?”

“तुझं डोकं!”

बाहेर रांग लागली होती. ज्याच्या वजनाबद्दल शंका नको अशी एखादी वस्तू बाईंना हवी होती, आणि घरच्या माणसाच्या वस्तूइतकी खात्रीची वस्तू दुसरी कुठली? टेबलावर भिंगरीचं पार्सल पडलं होतं. चिकटचिठ्ठ्यांचे गठ्ठे, वजन दोनशे दहा ग्रॅम, असं चिठ्ठीवर स्वच्छ लिहिलेलं. बाईंनी ते काट्यावर ठेवलं.

नव्वद.

“बिघडला,” बाई म्हणाल्या. त्यांनी काटा बंद केला, रांगेला ताटकळत ठेवलं आणि काटे दुरुस्त करणाऱ्याला बोलावून घेतलं.

काटेवाला आपली मापं घेऊन तासाभराने आला. एकेक माप ठेवून बघितलं, काटा उलटा केला, सरळ केला, पुन्हा बघितलं. “ठणठणीत आहे, बाई. ह्याला काही झालेलं नाही. दुसऱ्या कुणाला झालंय का बघा.” त्याने ते पार्सल स्वतःच्या हाताने वर ठेवलं. नव्वद.

“दुकानदाराने माल मारला असेल,” फटफट्या म्हणाला. “निम्म्याला निम्मा माल मारतात हल्ली.”

ही गोष्ट खरी असती तर बाईंनी त्याला मापाची चूक माफ केली असती. त्यांनी पार्सल उचललं आणि पहिल्यांदाच ते कचेरीतल्या हाताने तोललं. कागदाचा गठ्ठा हातात गप्प बसतो. हे आत एका अंगाकडून दुसऱ्या अंगाला सरकत होतं, अगदी हलकं, दाण्यांसारखं. असं सरकणं त्यांना एकोणीस वेळा माहीत होतं.

जाळीच्या कपाटाची किल्ली बाईंच्या कमरेलाच होती. पार्सल आत गेलं की मंगळवारी तपासनीस येणार, आणि कागदावर पोरीचं नाव चढणार. परीक्षा तीन आठवड्यांवर. बाईंनी किल्ली काढली, परत खोचली, आणि तब्येत बरी नाही असं सांगून पार्सल पिशवीत घालून दुपारीच घरी आल्या. बावीस वर्षांत तब्येतीचं कारण त्यांनी पहिल्यांदा दिलं. त्यात खोटं फारसं नव्हतंही.

भिंगरी टेबलापाशी बसली होती. बाईंनी पार्सल तिच्या पुस्तकावर ठेवलं.

“उघड.”

“नंतर उघडते. चिठ्ठ्याच आहेत.”

“दोनशे दहाच्या चिठ्ठ्या नव्वदात बसल्यात. मलाही बघू दे कशा बसल्या त्या.”

पोरीने एकदा मावशीकडे बघितलं आणि मग कात्री घेतली. वर चिठ्ठ्यांचा एक पातळ गठ्ठा. खाली प्लास्टिकच्या पाच छोट्या पिशव्या, प्रत्येकीत गोळ्या.

“नशेच्या नाहीत ह्या!” भिंगरी घाईघाईने म्हणाली. “लक्ष लागतं ह्यांनी. झोप येत नाही. क्लासातले सगळे घेतात, मावशी. तो विकणारा साधा आहे अगदी, नमस्कारसुद्धा लिहितो आधी.”

“पाच पिशव्या एकटीला?”

उत्तर पुस्तकाकडे बघत आलं. एक तिची, चार मैत्रिणींच्या. सगळ्यांचं एकाच पत्त्यावर येतं. कारण मावशीच्या घरचं पार्सल कुणी तोलत नाही.

“आणि कागदाचं लिहायचं हे...” ती थांबली.

“ते मीच सांगितलं,” बाईंनी वाक्य पुरं केलं. कुंपणाने शेत खाल्लं असं म्हणतात. इथे कुंपणाने शेताची वाटही दाखवली होती आणि ओझंही उचललं होतं.

बाईंनी पाचही पिशव्या उचलल्या आणि मोरीपाशी गेल्या. पाणी सोडायचं, पोरीला चार शब्द सुनवायचे, काडीपेटीएवढी गोष्ट काडीपेटीतच मिटवायची. हात नळापर्यंत गेलाही होता.

“मावशी, ह्याही खेपेच्या पिवळ्याच आहेत,” मागून भिंगरी म्हणाली. “आधी पांढऱ्या यायच्या. मागच्या खेपेपासून पिवळ्याच येतायत. आमच्यातली ती चष्मेवाली दोन दिवस उलट्या करत होती. घरी तिने सांगितलं, बाहेरचं खाल्लं म्हणून.”

“आणि तू?”

भिंगरीने हात पुढे केला. बोटं आपली आपण थरथरत होती.

बाईंनी नळ तसाच ठेवला. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पोरीची नाडी पाहिली, रक्तदाब पाहिला, गोळी उजेडात धरली. “ह्यात काय आहे ते विकणाऱ्यालाही माहीत नसेल,” त्या म्हणाल्या. पोरीला कशी आणि किती दिवस सांभाळायची ते त्यांनी कागदावर लिहून दिलं. “बाकीच्या चौघींना आजच घेऊन या. आठपर्यंत मी इथेच आहे. उद्यावर टाकू नका.”

बाहेर पायरीवरूनच बाईंनी तपासनिसांना फोन लावला. मंगळवारची वाट न बघता.

“बोला बाई. आणखी एक धरलंत?”

“धरलं. लिहून घ्या. पत्ता सांगते.”

त्यांनी पत्ता सांगितला. पलीकडे पेन थांबल्याचं फोनवरही कळलं.

“बाई, हा तर...”

“हो, माझाच. आणि घरच्या पार्सलांची आमच्याकडे जी सोय आहे, तीही लिहा. ती आजपासून बंद करा म्हणावं. माझं काय करायचं ते वरचे ठरवतील.”

पहिलं घर चष्मेवालीचं. वाटेत भिंगरी तीनदा थांबली. “त्यांच्या घरी नको ना सांगूस. मी त्यांना फोन करते. त्या माझ्याशी आयुष्यात बोलणार नाहीत.”

“न बोलायला त्या धडधाकट तर हव्यात,” बाई म्हणाल्या आणि घंटा दाबली.

चष्मेवालीच्या वडिलांनी दार उघडलं. बाईंनी कचेरीतल्या आवाजात सुरुवात केली. पत्रक, विक्रेते, तरुण पिढी. गृहस्थ सभ्यपणे ऐकत राहिले, सभा कधी आटोपते ह्याची वाट बघितल्यासारखे. मग म्हणाले, “तुमचं काम चांगलं आहे हो. पण आमची मुलगी तसली नाही.” आणि दार हळूहळू लागायला लागलं.

भिंगरीने दारात पाय घातला. “काका, गोळ्या मी आणून दिल्या. उलट्या त्यांनीच झाल्या.”

गृहस्थांनी तिच्याकडे बघितलं, मग बाईंकडे. “ह्यांच्या घरून?”

“माझ्याच पिशवीतून,” बाई म्हणाल्या. “आमची तसली नाही असं मीही आज सकाळपर्यंत म्हणत होते.”

आतून चष्मेवाली आली. वडिलांकडे न बघता तिने मुठीतली पिशवी बाईंच्या हातावर ठेवली. बाईंनी नजरेनेच मोजल्या. सहा.

“दहा होत्या,” भिंगरी म्हणाली.

“तीन मी घेतल्या.” मुलगी जमिनीकडे बघत होती. “एक धाकट्या चुलतभावाला दिली, काल. त्याची चाचणी होती.”

“केवढा आहे तो?”

“तेरा.”

गृहस्थ चपला शोधायला लागले होते. एक सापडली, दुसरी सापडेना. ते तसेच अनवाणी बाहेर आले. “त्याचं घर मी दाखवतो,” ते म्हणाले. “दोन गल्ल्या सोडून आहे. तिथे आधी चला.”

बाईंनी घड्याळ बघितलं. साडेसहा वाजत होते. चार घरांची पाच झाली होती, आणि पाचव्यात अजून कुणाचं नाव निघेल ते तिथे गेल्याशिवाय कळणार नव्हतं. त्यांनी भिंगरीचा हात धरला आणि त्या झपाझप जिना उतरायला लागल्या.